मानशीची मासळी आणि खाजनाचे भात

मांडवी-जुवारीच्या काठच्या गावांत साठी ओलांडलेल्या मंडळींना लहानपणीच्या मासेमारीविषयी विचारावे. पुष्कळांच्या आठवणीत समुद्र येतच नाही. येते ते खाजनातले कोमट, गढूळ पाणी. बांधावर बसून गरीला लावलेले काळुंदर, वडीलमाणसांनी गुडघाभर पाण्यात फेकलेला पाग आणि अमावास्येच्या रात्री मानशीपाशी कंदील घेऊन सुंगटांची वाट पाहणारी माणसे. प्रायश्चित्तकाळात, मांस वर्ज्य असलेल्या दिवशी, घरच्या हुमणाला लागणारी मासळी तिथूनच येई. आता ती मासळी राहिली नाही, असे ही मंडळी म्हणतात. ती का होती आणि का कमी झाली, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. कारण मासळीचे आणि भाताचे दुखणे येथे एकच आहे.

घाटमाथ्यावरच्या वाचकांसाठी प्रथम थोडी माहिती. खाजन म्हणजे खाडीच्या काठची सखल जमीन. भरतीचे पाणी तिच्यावर चढू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि दगड घालून बांध उभे केले. या बांधात ठिकठिकाणी लाकडी दारे असतात, तीच मानस. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी जड होते आणि दार ढकलून बाहेर जाते. बांधाच्या आत पाणी साठण्यासाठी खोलगट जागा राखलेली असते, तिला पोंय म्हणतात.

वर्षाची वाटणी ठरलेली होती. पावसाळ्यात दार खारे पाणी अडवी, पावसाचे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेई आणि कोरगूट, असगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात उभे राही. कापणी झाली की दार मुद्दाम उघडून भरतीचे पाणी आत घेत. त्याबरोबर सुंगटांची आणि माशांची बारीक पिल्ले येत. अशी उन्हाळ्यापर्यंत मासेमारी चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर अधिक असतो. म्हणून त्या रात्री ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावीत.

हे पाणी माशांना इतके का मानवते? सुंगटे अंडी घालतात समुद्रात. परंतु त्यांची पिल्ले वाढण्यासाठी खाडीत शिरतात. येथले पाणी उथळ व उबदार असते, कुजलेल्या पाल्यापासून खाणे मिळते आणि खारफुटीच्या मुळांत लपायला जागा असते. काही महिन्यांनी वाढलेली सुंगटे ओहोटीबरोबर परत समुद्राकडे निघतात. चणक मासाही अंडी खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात घालतो आणि त्याची पिल्ले आत येतात. त्याची गंमत अशी की बहुतेक चणक आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. तेव्हा मोठे चणक सगळेच मारले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात.

मग बिघडले कोठे? पूर्वी बांधांची व मानशींची देखभाल गावकरी (कोमुनिदाद) पाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. मानशीच्या मासेमारीचा लिलाव करून त्या पैशातून बांध दुरुस्त करावा, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. पण लिलाव घेणाऱ्याचा फायदा मासळीत असतो, भातात नाही. काही ठिकाणी दार गरजेपेक्षा जास्त काळ उघडे राहते, कधी तर मोडूनच पडते. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी शेतात ठाण मांडते.

हिशोब साधा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. साध्या भाताच्या मुळाशी ते लिटरमागे २ ग्रॅमच्या आसपास गेले की पीक घटू लागते. पडीक शेतात मग खारफुटी माजते. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा अडवते, पण बांधावर व शेतात ती उगवली की तिची मुळे बांध पोखरतात. शेवटी पोंय गाळाने भरते आणि मासळीही जाते.

कोळंबी संवर्धनाच्या लाटेतही किनारपट्टीवर पुष्कळ भातशेती गेली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांना बंदी केली. पारंपरिक पद्धतीची मासेमारी तिच्यातून वगळली. ही सवलत आपल्या रीतीला मिळालेली आहे, ती नीट पाळली पाहिजे.

गावाने पुढील गोष्टी कराव्यात. पेरणीआधी दार केव्हा बंद होणार, ते लिलावाच्या अटीतच लिहून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी बांध व दाराच्या फळ्या तपासाव्यात. बारीक आसाचे जाळे लावू देऊ नये, पिल्ले पुढच्या वर्षासाठी राहू द्यावीत. लिलावाच्या पैशाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी आरोग्याच्या दोन गोष्टी. शिंगाळ्याचा काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहावे, म्हणजे भाजणार नाही. नंतर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी उघडी जखम घेऊन खाऱ्या पाण्यात उतरू नये. लाली पसरू लागली, फोड आले किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. दुसरे, केंड मासा कधीही खाऊ नये. शिजवल्याने त्याचे विष जात नाही.

वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुलांना जरूर सांगाव्यात. पण त्याबरोबर मानस कशी चालते, हेही त्यांना बांधावर नेऊन दाखवावे. दार वेळेवर मिटले, तर पावसाळ्यात भात येईल आणि उन्हाळ्यात मासळी.