भिंत होऊ नका, वार वळवा!

आज बोलूया ब्लॉकबद्दल, म्हणजे समोरून आलेला वार अडवण्याबद्दल.

कराटे शिकायला लागलो तेव्हा माझे हात कायम काळेनिळे असायचे. 'आगे उके' म्हणजे तोंडावर येणारा ठोसा हात वर नेऊन अडवायचा. मी नुसतं हाडावर हाड आपटायचो. शेवटी सर म्हणाले, "अरे, भिंत होऊ नकोस. हात तिरका धर, शेवटच्या क्षणी मनगट फिरव, ठोसा घसरून जाऊ दे." दुखणं निम्म्यावर आलं!

मग बाकीच्या शैली बघितल्या. विंग चुनमध्ये 'पाक साओ' असतो: तळहाताची छोटीशी थाप, की ठोसा बाजूला. बॉक्सिंगमधली पॅरी साधारण तशीच, ग्लोव्ह घालून. आयकिडोत तर आपणच वाराच्या रेषेतून बाजूला सरकायचं. मुए थाईत मात्र टक्कर होतेच. मांडीवर येणारी लाथ पाय उचलून नडगीवर घेतात, कारण मऊ मांडीपेक्षा कठीण नडगी बरी.

म्हणजे काय, तर जोराला जोर लावणं हा शेवटचा पर्याय. आणि ब्लॉक झाला की हात लगेच हनुवटीजवळ परत, कारण दुसरा ठोसा येतोच.

एक मात्र मनापासून सांगतो. समोर चाकू असेल तर यातलं काहीही आजमावू नका. सरळ पळा. अंतर हाच सगळ्यात भारी ब्लॉक!

भेटू पुढच्या भागात.