रत्नागिरीचा थिबा राजा

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले की जवळच शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा दिसतो. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. राजाची आठवण म्हणजे पुतळा, असेच आपल्याला वाटते. कंबोडिया देशात सिहानूक नावाचे राजे होते. ते २०१२ साली वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या राजधानीत त्यांचा मोठा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पण त्याच बाजूच्या दुसऱ्या एका राजाची आठवण आपल्या कोकणात आहे. तिथे त्याचा वाडा आणि समाधी बघायची. तो म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा राजा. ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात.

थिबा हा तिथला शेवटचा राजा. राजधानी मंडाले. इंग्रजांनी आधीच त्याचा खालचा मुलूख घेतला होता. १८८५ च्या नोव्हेंबरात ते आगबोटी घेऊन नदीतून वर आले आणि पंधरवड्यात लढाई संपलीसुद्धा. राजा तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता. त्याला, राणीला आणि दोन लहान मुलींना बोटीत बसवून आधी रंगूनला, मग मद्रासला नेले. १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवले.

रत्नागिरीच का, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, विचार करून तूच सांग. तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. (कोकण रेल्वे शंभर वर्षांनंतर आली.) जायचे तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. हे आपल्याला सांगायला नको. आपल्या लाँची जूनमध्ये बंद होतात तेव्हा गेटवे समोर असून लांब होते. मग ब्रह्मदेश किती लांब! तिथल्या लोकांनी राजाला सोडवायला येऊ नये म्हणून इंग्रजांनी ही जागा शोधली. इंग्रज हुशार खरे, पण हे काही चांगले केले नाही.

आणखी एक गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला याच इंग्रजांनी आधी रंगूनला नेऊन ठेवले होते. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. आपला बादशहा त्यांच्याकडे आणि त्यांचा राजा आपल्याकडे!

राजा आधी बंगल्यात राहायचा. त्याला सरकारकडून पैसे मिळत, पण पुरत नसत. मग राजा जवळची माणके विकायचा. पुढे आणखी मुली झाल्या, सगळ्या मिळून चार. परवानगीशिवाय गावाबाहेर जायचे नाही, असा हुकूम होता. पुढे सरकारने मोठा वाडा बांधला. १९१० मध्ये राजा तिथे राहायला गेला. वाडा तीन मजली आहे, उतरती छपरे आहेत आणि खिडक्या लाकडी, वरून अर्धगोल, नक्षीच्या. नाचाच्या दालनात संगमरवरी फरशी आहे. वाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. वाडा उंचावर असल्यामुळे खालची खाडी आणि समुद्र दिसतो. माझी आत्या रत्नागिरीला असते, ती म्हणते की वाडा बघायचा तर संध्याकाळी जावे. मला वाटते, राजासुद्धा तिथून बोटी बघत असेल.

त्या वाड्यात तो सहाच वर्षे जगला. १९१६ च्या डिसेंबरात वारला. तीस वर्षांत एकदाही घरी गेला नाही. राणीला वाटे की देह तरी ब्रह्मदेशात न्यावा, म्हणून तो तसाच जपून ठेवला होता. सरकारने ऐकले नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी बांधली. धाकटी राणी आधीच वारली होती, तिलाही तिथेच ठेवले. मग थोरली राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परत गेली.

पण थोरली राजकन्या परत रत्नागिरीला आली! वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचा संसार होता. तिच्या मुलीचे नाव टूटू. टूटू राजाची सख्खी नात, पण ती आपल्यासारखी मराठी बोलायची आणि गरिबीत राहायची. कागदाची फुले करून विकायची. ती २००० साली वारली. मी हे आजीला वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "बाय गो, राजाच्या नातीवर ही पाळी!" आणि पुन्हा एकदा वाचायला लावले.

ब्रह्मदेशातले लोक राजाला विसरले नाहीत. २०१२ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला समाधीपाशी आले होते. २०१६ मध्ये राजाला जाऊन शंभर वर्षे झाली, तेव्हाही तिकडून मोठी मंडळी आली. त्यांना आता परवानगी मागावी लागली नाही, कारण ब्रह्मदेशही ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला, आपल्या मागोमाग.

पालकहो, सहलीला जाणार असाल तर अलिबागहून वडखळला जाऊन मुंबई-गोवा रस्ता धरावा. वाड्यात संग्रहालय आहे. समाधी वाड्यात नाही, गावात वेगळ्या ठिकाणी आहे. ती विचारत जावी लागते, म्हणून आत्याने सांगितले आहे की थिबा राजाची समाधी असेच विचारा.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, मांडवा