तापीकाठच्या सुतारांची गोदी

नशिराबाद सोडून भुसावळकडे निघाले की साकेगावजवळ वाघूर लागते. वाघूर तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. आपल्या गावाचा समुद्राशी संबंध एवढाच, अशी माझी समजूत होती. मुंबईच्या नौदल गोदीचा इतिहास वाचायला घेतला आणि तिचा पाया घालणारा माणूस याच तापीच्या मुखाकडून आलेला निघाला.

त्याचे नाव लवजी नसरवानजी वाडिया. सुरतेचा पारशी सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ च्या सुमारास त्याला मुंबईला बोलावले, तेव्हा तो आपले सुतार बरोबर घेऊन आला. १७५० मध्ये फोर्टाच्या किनाऱ्यावर दगडी सुकी गोदी उभी राहिली, आशियातली पहिली. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, पाणी काढून टाकायचे, की जहाजाचा तळ उघडा पडतो आणि सुतार कामाला लागतात. पुढे गोदी वाढत गेली आणि १८१० च्या सुमारास डंकन गोदीही तयार झाली. मुख्य कारागिराचे पद मात्र दीडशे वर्षे या एकाच घराण्यात राहिले.

त्यांच्या जहाजांचे मर्म सागवानात होते. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानाच्या तेलाने ते टिकतात. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी याने बांधलेले ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरले. त्यानेच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. मला सर्वांत भावते ती ‘त्रिंकोमाली’. तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाजच १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले, आराखडे पुन्हा पाठवावे लागले. १८१६ मध्ये जमशेटजीने पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या तळाच्या मुख्य वाशात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरले. मलबारी सागवानाचे हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

मग ऱ्हास कशाने? हात कमी पडले नाहीत, हे मला ठासून सांगावेसे वाटते. लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांना इथली जहाजे आधीपासूनच खुपत होती. त्यात वाफ आली, लोखंड आले. कारखाने आणि यंत्रे विलायतेची, त्यापुढे सागवानाची मातब्बरी संपली. घराण्यातल्या अर्देशीर करसेटजीने हे वेळीच ओळखले. वाफेची यंत्रे शिकायला तो इंग्लंडला गेला आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सदस्य झाला. पण एकट्याच्या शिकण्याने धंदा वाचत नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि शिडांचे दिवस सरले. १८८४ च्या सुमारास घराण्यातला शेवटचा मुख्य कारागीर निवृत्त झाला, तोवर तीनशेहून अधिक जहाजे बांधून झाली होती.

त्याआधीच, १८७९ मध्ये, याच घराण्यातल्या नवरोजी वाडियांनी बॉम्बे डाइंग सुरू केली होती. लाकडाचे घराणे कापसाकडे वळले, आणि कापूस म्हटले की खानदेशी माणसाचे कान टवकारतातच.

मुंबईला गेलात तर शहीद भगतसिंग मार्गावर या गोदीचे लायन गेट दिसेल. हे नौदलाचे ठाणे, सामान्य माणसाला आत प्रवेश नाही. भिंतीपलीकडे डंकन गोदी अजून वापरात आहे. तिच्यात आता पोलादी युद्धनौका दुरुस्तीला येतात.