निजेला धोंडा

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण आपण गरिबीच्या संदर्भात वापरतो. मिळेल ते गोड मानून घ्यावं, असा तिचा अर्थ शाळेत शिकवतात. मला ती अलीकडे वेगळ्याच कारणासाठी खरी वाटू लागली आहे. भूक जशी आधी लागावी लागते, तशी नीजही लागावी लागते. भूक नसेल तर पंचपक्वान्नं समोर असूनही घास उतरत नाही. नीज नसेल तर मऊ गादीवरही माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. निद्रानाशाबद्दल आजचं वैद्यकशास्त्र जे सांगतं, त्यातलं निम्मं या चार शब्दांत आलं आहे.

संकटाच्या काळात झोप उडते यात नवल नाही. घरात मोठं आजारपण असेल, नोकरीवर गंडांतर असेल, तर शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. पहारेकऱ्यानं झोपायचं नसतं. प्रश्न पुढचा आहे. संकट सरतं, माणसं घरी येतात, घडी पुन्हा बसते, आणि तरीही झोप परतत नाही. असं का होतं?

याचा विचार करताना मला आमचा गिरणगाव आठवतो. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. अब्बा गिरणीत साचेवाले होते आणि वर्षानुवर्षं तिसऱ्या पाळीत. तिसरी पाळी म्हणजे रात्री बारा ते सकाळी सात. त्या काळी एकेका खोलीत गावाकडचे दहा-पंधरा गडी राहत. पहिल्या पाळीचा गडी उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा होई. आमच्या बिऱ्हाडातही अब्बा सकाळी येऊन निजत तेव्हा नळावर भांडणं चालू असत, स्टो भरभरत असे, आम्ही पोरं गॅलरीत धुडगूस घालत असू. त्यांना त्याचा पत्ता नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर हजारोंच्या नोकऱ्याही गेल्या. पुढे अब्बांना भायखळ्याला एका गोदामात काम मिळालं, चूल पेटती राहिली. पण झोप गेली ती गेलीच. शांत रात्री, घरातले सगळे निजलेले असताना, ते भिंतीला पाठ लावून बसलेले दिसत.

योगायोग असा की त्याच १९८२ साली झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं झोपेविषयी एक मांडणी केली. ती आजही पायाभूत मानली जाते. तो म्हणतो, झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली, झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहू तितकी ती वाढते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेत ते ओसरतं. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते सूर्यप्रकाशावर आणि उठण्या-निजण्याच्या ठरलेल्या वेळांवर चालतं. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

भुकेचा अनुभव लालबागकरांना दरवर्षी येतो. गणपतीचे दहा दिवस अख्खा भाग जागा असतो. अनंत चतुर्दशीची रात्र तर रस्त्यावरच जाते. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते मंडपातल्या सतरंजीवर असे निजतात की ढोल वाजवला तरी उठणार नाहीत. बुडालेली झोप शरीर आपण होऊन वसूल करतं. जागरण आणि निद्रानाश यांत हाच फरक आहे. कवी म्हणून लोक मला म्हणतात, "झोप नाही? बरंय, कविता होत असतील." कविता जागरणात होतात. निद्रानाशात फक्त उद्याची काळजी होते.

मग गिरणगावात त्या रात्री काय बिघडलं? आर्थर स्पिलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं निद्रानाशाची कारणं तीन प्रकारांत वाटली. काहींचा मुळातला स्वभावच हलक्या झोपेचा. मग एखादं संकट येऊन झोप उडते. आणि तिसरी कारणं म्हणजे गेलेली झोप पकडण्यासाठी आपण जे करतो ते. संकट निघून जातं, ही तिसरी कारणं मात्र मुक्कामाला राहतात. रात्री झोप झाली नाही म्हणून माणूस दुपारी पडतो, संध्याकाळी लवकर अंथरूण घालतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो. त्यामुळे झोपेची भूकच मरते. काम सुटलं, भोंगा थांबला, की घड्याळाला धरून ठेवणारं काही उरत नाही. आणि रात्रीमागून रात्री काळजी करत पडून राहिल्यानं अंथरूण ही काळजी करण्याची जागा होऊन बसते. पाठ टेकली की मन कामाला लागतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं. सहा महिने रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या. ती बरी झाली, कामावर रुजू झाली. तिला गाढ झोप लागे आणि मी पंख्याची पाती मोजत पडे. शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. किती तास झोपता, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, अंथरुणात किती तास असता? हिशेब निघाला साडेनऊ तासांचा. झोप जेमतेम साडेपाच.

त्यांनी दिलेला उपचार साधा होता, सोपा नव्हता. सकाळी साडेपाचला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. म्हणजे आपला भोंगा आपणच वाजवायचा. रात्री बाराच्या आत अंथरूण घालायचं नाही. दुपारी पडायचं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, झापड आली की परतायचं. घड्याळ डोळ्यांआड ठेवायचं. काळज्या संध्याकाळी सहाला वहीत लिहायच्या आणि वही मिटायची. उठल्यावर चौपाटीवर किंवा मैदानात, काहीच नाही तर गॅलरीत, सकाळच्या उजेडात अर्धा तास.

एका खोलीत सहा माणसं निजतात तिथं उठून जायचं कुठं, असं कोणी विचारेल. अंथरुणावरून उठून ओट्याशी बसलं तरी चालतं. निजण्याची जागा आणि जागण्याची जागा निराळी झाली म्हणजे पुरे.

पहिला आठवडा वाईट गेला. दिवसा डोळे मिटत. पण तीच तर नीज लागणं होतं. पडून राहण्याच्या वेळेतला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला, तशी डॉक्टरांनी पंधरा-पंधरा मिनिटं वाढवून दिली. दीड महिन्यात बऱ्याचशा रात्री माझ्या झाल्या. एखादी रात्र अजूनही वाया जाते, पण तिची वसुली मी दुपारी करत नाही.

हा काही घरगुती तोडगा नाही. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अशा वर्तनोपचाराचीच शिफारस अमेरिकेतल्या वैद्यांच्या संघटनेनं २०१६ साली केली. गोळ्या त्यानंतर. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आणि बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नये. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. चहातलं कॅफिन ॲडेनोसिनची वाट अडवतं आणि त्याचा अंमल कित्येक तास राहतो. म्हणून चारनंतरचा चहा सोडलेला बरा.

आठवड्यातून तीन-चार रात्री अशा जात असतील आणि हे तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. फिट्स येणाऱ्यांनी, गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी झोपेचे तास स्वतःच्या मनानं कमी करू नयेत. घोरताना श्वास अडकत असेल तर तो आजार वेगळा, त्याचा तपास वेगळा. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नये. १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. अब्बांच्या काळी असा क्रमांक नव्हता. झोप येत नाही ही डॉक्टरकडे नेण्याची तक्रार आहे, हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याला आता ते ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)