महागडं तेवढं गुणाचं?

मैत्रिणींनो, जितका खर्च मोठा तितका उपचार चांगला, असं आपल्या मनात अगदी पक्कं बसलेलं असतं, नाही का? माझ्याही होतं. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना चक्कर येऊ लागली. 'इथं पेणला कशाला दाखवायचं?' असं म्हणून हे त्यांना थेट मुंबईला घेऊन गेले. दोन दिवस तपासण्याच तपासण्या! अठरा हजार खर्च झाले आणि निष्पन्न काय, तर रक्तदाब वाढलेला! आमच्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून सिस्टरनं हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. आता पापड, लोणचं, सुकी मासळी बेतानं आणि रोज एक गोळी. सासूबाई ठणठणीत आहेत.

या गोळीवरून मला माझ्या माहेरची, रोह्याकडची गोष्ट आठवली. आजी सांगायची, भाताचा पेंढा रचताना विंचू चावला की आधी उतरवणाऱ्याला बोलावणं जायचं. रात्रभर मंत्र चालायचे आणि पहाटे घरात रडारड. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात कितीतरी पोरं गेली.

आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. ना मोठी यंत्रं, ना अतिदक्षता विभाग. पण त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, सगळं टिपून ठेवलं. विषामुळं रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी ओळखलं आणि पुढे प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. ही गोळी मुळात रक्तदाबाचीच, आणि अगदी स्वस्त! पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आलं. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

देशांचंही असंच आहे बरं का! अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे सुमारे १७ रुपये आरोग्यावर खर्च करते, जपान सुमारे ११. पण सरासरी आयुष्य पाहाल, तर जपानमध्ये ८४ वर्षांच्या आसपास आणि अमेरिकेत ७८ च्या. कितीतरी गरीब असलेली श्रीलंकासुद्धा अमेरिकेच्या जवळपास पोचली आहे! अमेरिकेत प्रत्येक उपचाराची किंमतच अवाच्या सवा, विम्याच्या कारभाराचा खर्च वेगळा; शिवाय लठ्ठपणा, नशा, बंदुका यांनी जाणारे जीव दवाखान्यात वाचवता येत नाहीत.

म्हणजे खर्च करूच नये का? छे! गावाजवळ सरकारी दवाखाना होता, पगारी डॉक्टर होता, म्हणून तर ती गोळी रुग्णापर्यंत पोचली. आपल्याकडे सरकारी खर्च शंभरामागे अडीच रुपयांवर न्यायचं २०१७ च्या आरोग्य धोरणानं ठरवलं होतं. तेवढा तरी व्हायलाच हवा. पण तो कशावर होतो, हे जास्त महत्त्वाचं. जवळचा दवाखाना, वेळेवर सिस्टर, साधी औषधं, स्वच्छ पाणी, लसी... जीव वाचतात ते यांनी.

आणि आपण काय करावं? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर चार जणींनी मिळून विचारावं. लाकडं, गोणपाटं, मुलांचे बूट झटकूनच घ्यावेत. विंचू चावलाच, तर आवळून बांधू नका, कापू नका, मंत्रात वेळ घालवू नका. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर क्षणभरही न थांबता जवळच्या दवाखान्यात न्या.

सासूबाई आता दर महिन्याला आपणहून दंड पुढे करतात. सिस्टरला म्हणतात, "बाई गं, आधी तुझ्याकडेच यायला हवं होतं!"