भाकरीचा वास कुठं गेला?

पोट्टेहो, बाबा फरीदांच्या दर्ग्याला चढताना टेकडीवर पायाखाली येणारे ते गोल दगड तुम्ही सगळ्यांनी खिसे भरभरून आणलेत. त्यांची गोष्टही तुम्हाला पाठ आहे. माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांनी फकिराची टर उडवली, आणि त्यांचे नारळ, बाकीचा माल, सगळं जागच्या जागी दगड झालं. भूगर्भाचे जाणकार सांगतात ते असं, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हा पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं पाणी मुरत गेलं तसतशी त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं साठली, आणि भोवतीचा काळा दगड झिजल्यावर हे गोळे सुटे झाले. मला दोन्ही गोष्टी आवडतात. आज त्या निघाल्या त्या आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यामुळं, शेरूमुळं. ताजी ज्वारीची भाकर पुढ्यात पडली आहे, आणि त्या व्यापाऱ्यांच्या नारळासारखी त्याच्यापुरती ती दगड झाली आहे.

धाकटीनं विचारलं, "आबा, शेरू रुसला का?" मोठा म्हणाला, म्हातारा झाला, आता असंच चालायचं. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, जनावराला आपली वेळ कळते, त्यानं अन्न सोडलं की समजून घ्यायचं. मला यातलं एकही पटत नाही. कुत्रं रुसून दोन-दोन दिवस उपाशी राहत नाही. वय झालं की धावपळ कमी होते, तेवढी भूकही उतरते, हे खरं. पण भरल्या थाळीवरून तोंड फिरवणं निराळं. त्यामागं कारण असतं, आणि नीट पाहिलं तर बहुतेक वेळा ते सापडतं.

मुळात कुत्र्यानं भाकर खावी हीच केवढी नवलाची गोष्ट! त्याचा पूर्वज लांडगा, मांसावर जगणारा. पिठूळ अन्न पचवायला अमायलेज नावाचा पाचकरस लागतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली लांडग्यांची आणि कुत्र्यांची जनुकं शेजारी ठेवून तपासली. हा रस बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती निघाल्या. कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत! माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्याचं उष्टं पडू लागलं, आणि ज्या पिल्लांना ते पचलं ती तगली, त्यांचा वंश वाढला. म्हणजे शेरूच्या पोटात आपल्या ज्वारीची जागा हजारो वर्षांत तयार झाली आहे. असं जनावर भाकरीला तोंड लावत नाही, तेव्हा आपण थांबून बघायलाच हवं.

आता त्याचं वय. तो बारा वर्षांचा. तुम्ही लगेच सातानं गुणता आणि चौऱ्याऐंशी म्हणता. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात 2020 साली हा हिशेब नव्यानं मांडला गेला. वय वाढतं तसतशा डीएनएवर रासायनिक खुणा उमटत जातात. लॅब्राडॉर कुत्र्यांच्या आणि माणसांच्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की कुत्रं सुरुवातीला भराभर मोठं होतं आणि मग त्याचं वय सावकाश सरकतं. एक वर्षाचं कुत्रं तिशीच्या माणसाएवढं, चार वर्षांचं पन्नाशी ओलांडलेलं, आणि बारा वर्षांचं सत्तरीच्या आसपास. आपल्या गावठी कुत्र्यात थोडं इकडंतिकडं होईल. पण या हिशेबानं शेरू आणि मी बरोबरीचे निघालो, आणि मी अजून रोज दोन भाकरी खातो.

कुत्र्याचं जेवण नाकापासून सुरू होतं. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या नऊ हजारांच्या घरात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. चवीत आपण पुढं. पण नाकात? आपल्याकडं वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्याकडं वीस ते तीस कोटी. हुंगताना तो सेकंदाला चार-पाचदा हवा आत ओढतो. त्यातली थोडी हवा नाकाच्या मागच्या एका आंधळ्या कोनाड्यात जाते आणि तिथं रेंगाळते, बाकीची फुप्फुसात. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर पडते, त्यामुळं समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही. शेरू खाली बसला की त्याच्या नाकाकडं जवळून बघा, ती फट तुम्हाला दिसेल. वास ओळखणाऱ्या पेशींवरचे ग्राहक कोणत्या जनुकांपासून बनतात, हे लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी 1991 साली उलगडलं, आणि 2004 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

या पेशींचं आणखी एक अप्रूप. मेंदूतल्या बहुतेक मज्जापेशी एकदा गेल्या की गेल्या. नाकातल्या मात्र मरतात आणि त्यांच्या जागी नव्या उगवतात, आयुष्यभर. वय झालं की हे उगवणं मंदावतं. वास फिका पडतो, आणि वास गेला की कुत्र्याला समोरचं अन्न अन्न वाटत नाही. आपल्या उन्हाळ्यात तर आणखी पंचाईत. मे महिन्यात अंग थंड ठेवायला ते तोंड उघडून धापा टाकत राहतं, मग हुंगणार कधी? म्हणून उन्हाळ्यात त्याला पहाटे आणि दिवेलागणीनंतर जेवू घालायचं.

नामदेवांची गोष्ट तुमच्या आजीनं सांगितली आहे. कुत्र्यानं भाकर पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, की देवा, कोरडी खाऊ नको. त्यात भक्ती आहेच. पण ती वाटी कुत्र्याच्या नाकाच्याही कामाची होती. वासाची कितीतरी द्रव्यं तुपातेलात विरघळतात आणि गरम केलं की हवेत सुटतात. फडताळातली गारढोण भाकर म्हाताऱ्या नाकाला काही सांगत नाही. तीच कुस्करून, कोमट पाण्यात भिजवून, वर चमचाभर तूप सोडलं तर सांगते. कोमट म्हणजे आपल्या मनगटाला सोसेल एवढंच.

परवा आपण तेच केलं, आठवतं? आणि शेरू उठला. कान टवकारून आला, हुंगलं, शेपूट हलवली. इथं आपल्याला दोन गोष्टी कळल्या. नाक चालू आहे, आणि भूकही मेलेली नाही. मग त्यानं घास उचलला, मान एका बाजूला कलती केली, आणि घास खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

पोरांनो, ज्याच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यानं हा क्षण बघायला शिकलं पाहिजे. जे कुत्रं थाळीपाशी येतं, घास घेतं आणि टाकतं, त्याचं तोंड दुखत असतं. जे येतं, हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं आणि मान फिरवतं, त्याला मळमळतं. जे उठतच नाही, त्याच्या अंगात ताप असेल, गोचिडीतून आलेला आजार असेल, पोटात गाठही असेल. आणि ज्याची मान किंवा पुढचे पाय आखडलेत त्याला खाली वाकणंच नको वाटतं. त्याची थाळी विटेवर ठेवली की ते जेवतं. अन्न नको म्हणायच्या या निरनिराळ्या तऱ्हा आहेत, आणि डॉक्टरला ही तऱ्हा सांगितली की त्याचं अर्धं काम होतं.

मी त्याचा वरचा ओठ हळूच वर केला. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. त्यांत वरच्या जबड्यात मागच्या बाजूला एक थोराड दात असतो, हाड फोडायचा. त्याला तीन मुळं. शेरूचा तो दात उभा चिरला होता, हिरडी लालभडक, आणि वास असा की धाकटी मागं सरली. त्याच्या डोळ्याखाली आलेली सूज आपण गांधीलमाशीची समजत होतो, तिचं मूळ इथं होतं. या दाताची मुळं थेट डोळ्याच्या खालपर्यंत पोचतात. तिथं पू झाला की सूज गालावर वर येते.

मोठा लगेच माझी दुखण्याची गोळी आणायला धावला. हे कधीही करायचं नाही. आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या गोळ्या कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडवतात. तसाच कांदा आणि लसूण. रश्श्यात शिजलेलेसुद्धा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही. जेवत नाही म्हणून लाडानं मसाल्याचा मटणरस्सा देणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रेम खरं असतं, पण पोटात जातो तो कांदा.

डॉक्टरांनी दात बघितला आणि वर विचारलं, पाणी किती पितो? खरंच, हल्ली टाकं लवकर रिकामं होत होतं. म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. कुत्र्याच्या एकेका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे चार लाख सूक्ष्म गाळणे असतात, आणि निसर्गानं ते इतके जादा दिलेत की दोन तृतीयांश निकामी होईपर्यंत वरून काही कळत नाही. मग लघवी पातळ होते, तहान वाढते. तीन चतुर्थांश गेले की रक्तात युरिया साचू लागतो. मेंदूच्या देठाशी एक इवलीशी जागा आहे. बाकी मेंदूभोवती रक्तातल्या विषाला अडवणारी भिंत असते, या जागेभोवती ती मुद्दाम ढिली आहे. तिथल्या पेशी रक्त चाखत बसलेल्या असतात. विष जाणवलं की त्या मळमळ उठवतात, आणि जनावर अन्न सोडतं. रानात कुजकं खाल्लेल्या लांडग्याचा जीव त्यामुळं वाचत असेल. म्हाताऱ्या कुत्र्यात मात्र विष आतूनच येत राहतं, आणि हीच राखण त्याला उपाशी मारते.

शेरूची मूत्रपिंडं थोडी थकली आहेत, पण निभावण्यासारखी आहेत. पाणी कायम भरलेलं हवं, खारट काही नको, आणि दर काही महिन्यांनी रक्त बघायचं. भूक जागवणारं औषधही आता आहे. पोटातून मेंदूला भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली शोधलं, आणि त्याची नक्कल करणाऱ्या औषधाला अमेरिकेत 2016 साली कुत्र्यांसाठी मंजुरी मिळाली. पण दात सडका ठेवून भूक जागवायची म्हणजे त्याचा छळच. आधी दात.

उद्या पहाटे उमरेडमार्गे नागपूरला निघायचं, सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. भूल द्यावी लागेल. पोटात अन्न असलं तर भुलीत ते श्वासनळीत उतरायची भीती असते, म्हणून रात्रीनंतर त्याला कुणी चोरून काही द्यायचं नाही, बिस्किटसुद्धा. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. आता त्याला मऊ खिचडी देऊ, बिनमिठाची.

आणि भुलीचं माप वजनावर ठरतं, ते अंदाजानं सांगून चालणार नाही. मोठ्या, गोठ्यातून सोयाबीनचा काटा बाहेर काढ. आधी तू एकटा उभा राहा, मग शेरूला उचलून घे. धाकटी, तू दोन्ही आकडे वहीत लिही, आणि वजाबाकी मला करून दाखव.