‘टक्’ होतं, पण सेल्फ फिरत नाही

द्राक्षबागेत फवारणीचे ऐन दिवस असतात आणि नेमका छोटा ट्रॅक्टर सुरू होत नाही. नाशिक-सांगलीकडचे अनेक बागायतदार अशा वेळी थेट नवी बॅटरी आणतात. बिघाड मात्र पुष्कळदा तारेच्या टोकाशी असतो.

चावी फिरवल्यावर दिवेही लागत नसतील, तर आधी फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनलं पाहावीत. दिवे लागून काहीच आवाज नसेल, तर क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच तपासावा. तो बायपास करून काम भागवणं जिवावर बेतू शकतं. गिअरमधला ट्रॅक्टर अचानक पुढे धावतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे नुसतं ‘टक्’ होणं. इथे साधा मल्टिमीटर खरा उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे. आकडा टिकतो, तरी सेल्फ फिरत नाही? मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली. निगेटिव्ह तार आधी सोडून जोड घासले, घट्ट आवळले, की काम होतं.

सेल्फ जोरात फिरूनही डिझेल इंजिन पेटत नसेल, तर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड तपासावा. त्याला वीज मिळाली नाही, तर काही ट्रॅक्टरांत डिझेल पुढे जातच नाही.